लोणीसाहेबांचे चार तास

पंपकाकूंच्या हाताखालून आजवर एकशे एकोणीस लिव्हरं गेली होती आणि त्यांतल्या एकाशीही त्या मुक्यानं वागल्या नव्हत्या. मशीनच्या पारदर्शक डब्यात लिव्हर ठेवलं, नळ्या जोडल्या, पंपानं पहिला उसासा टाकला की काकूंचं तोंड सुरू. "या, टेका जरा. बर्फात बसून आलात, हातपाय गारठले असतील. येईल हं ऊब." लिव्हरला हातपाय नसतात, असं एकदा एक भूलतज्ज्ञ म्हणाले. काकू म्हणाल्या, "तुम्हाला तर कान आहेत, तुम्ही तरी कुठं ऐकता?"

त्या दिवसापासून त्या खोलीत काकूंना कुणी काही शिकवायला गेलं नाही.

खोली तशी छोटीच. ऑपरेशन थिएटरच्या शेजारची, भिंती फिकट हिरव्या, खिडकी एक आणि तीही न उघडणारी. मधोमध मशीन. दात्याकडून येणारं लिव्हर पूर्वी बर्फातून थेट रुग्णाच्या पोटात जायचं, त्यामुळे जे धडधाकट दिसेल तेच घ्यायचे. चरबी चढलेलं, उशीर झालेलं, थोडं मार खाल्लेलं असं काही आलं की डॉक्टर मान हलवायचे आणि ते वाया जायचं. आता अशांना काकूंच्या मशीनवर आणतात. कोमट रक्त, प्राणवायू, थोडी साखर, थोडं औषध. दमलेलं लिव्हर तासा-दोन तासांत डोळे चोळत उठतं आणि कामाला लागतं. लागलं तर रुग्णाला, नाही लागलं तर नमस्कार. फैसला चार तासांत.

काकू इथवर आल्या त्या पाण्याच्या पंपांवरून. वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि दहाव्या वर्षी त्यांना पंपाच्या आवाजावरून दुखणं सांगता यायचं. मग डिप्लोमा, मग डायलिसिसच्या मशीनवर अकरा वर्षं, मग हृदयाच्या ऑपरेशनमधल्या मशीनवर सात. हे नवं मशीन आलं तेव्हा कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस शिकवत होता. "सो बेसिकली मॅम, हे जे फ्लो आहे ना, ते आपण अ‍ॅक्च्युअली ऑप्टिमाइज करतो, राइट?" दोन दिवस काकू शांतपणे मान डोलवत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मराठीत सांगितलं, "पाण्याचा पंप आहे. पाणी तेवढं लाल." इंजिनिअरचा चेहरा पडला, पण खोटं आहे असं त्यालाही म्हणता येईना.

घरी नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, "मी माणसं वर नेतो, ही वर निघालेल्यांना खाली खेचते. एका घरात दोन धंदे, पण ग्राहक एकच." काकूंना हा विनोद लग्नाच्या सव्विसाव्या वर्षीही हसवायचा, आणि नवऱ्याला तो सव्विसाव्या वर्षीही नवा वाटायचा. संसार टिकायला आणखी काय लागतं?

तर त्या दिवशी सकाळी पावणेआठला एकशे विसावे पाहुणे आले.

पेटी घेऊन आल्या बातमीताई. त्यांचं काम म्हणजे दात्याचे नातेवाईक, रुग्णाचे नातेवाईक, डॉक्टर आणि गाड्या या सगळ्यांची फोनवरून मोट बांधणं. दिवसभर फोनवर अधिकृत बोलून बोलून त्यांना साधं बोलताच येईनासं झालं होतं. चहा संपला तरी त्या म्हणायच्या, "प्राप्त माहितीनुसार चहा उपलब्ध नाही."

"प्राप्त माहितीनुसार," बातमीताई पेटी ठेवत म्हणाल्या, "दाता पुरुष, वय एकसष्ट. लिव्हरवर चरबी. रस्त्यात गाडी अडकल्यानं दीड तास विलंब. तीन रुग्णालयांनी नकार कळवलेला आहे."

"तीन नकार आलेलं स्थळ," काकू म्हणाल्या. "ताई, अशांचेच संसार टिकतात."

पेटी उघडली. मोठं, जाडजूड, फिकट पिवळट लिव्हर, कडेला डाग डाग. काकूंनी क्षणभर हात जोडले. ते त्या नेहमी करत, ज्या माणसाचं होतं त्याच्यासाठी. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय हो हे. आयुष्यभर लोणी खाल्लंत वाटतं?" आणि वहीत नाव पडलं: लोणीसाहेब. काकूंच्या वहीत प्रत्येक लिव्हरला नाव असे. नंबर कागदांसाठी, नाव वहीसाठी.

तेवढ्यात मोठे सर्जन आले. त्यांना सगळे पाठीमागे 'बरंका सर' म्हणत, कारण त्यांचं एकही वाक्य त्या दोन शब्दांखेरीज जमिनीवर उतरत नसे. एकदा भूल दिलेल्या रुग्णालासुद्धा ते म्हणाले होते, "झोपा आता, बरं का."

"काकू, हे जरा अवघड आहे, बरं का. पण आज कुणासाठी आहे ठाऊक आहे ना? टेलरमामा."

काकूंना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. टेलरमामा तिसऱ्यांदा आले होते. पहिल्यांदा बोलावलं, उपाशी ठेवलं, कपडे बदलले, आणि लिव्हर बाद निघालं म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच. आता अंगाचा रंग गळ्यातल्या मोजायच्या पिवळ्या टेपशी जुळायला लागला होता, पोट फुगलेलं, पाय काड्या. सकाळी भरती होताना त्यांनी अगदी हळू आवाजात, भांडण नाही काही नाही, एवढंच सांगितलं होतं, "आज परत पाठवलंत तर चौथा फोन मी उचलणार नाही. गिऱ्हाइकालासुद्धा मी दोनदाच 'उद्या या' म्हणतो."

आणि डॉक्टरांचा हिशोब असा की चौथ्या फोनपर्यंत मामा टिकतीलच असंही नाही.

"चार तास," सर्जन म्हणाले. "आठ पाचला सुरू, बारा पाचला निर्णय. लॅक्टेट अडीचच्या खाली यायलाच हवं. नाही आलं तर मी मोहात पडत नाही, बरं का. खराब लिव्हर घातलं तर मामा टेबलावरून उठणार नाहीत."

लॅक्टेट म्हणजे दमलेल्या शरीरात साचणारी आंबट घाण, असं काकू समजावत. ठणठणीत लिव्हर ती चाटूनपुसून खातं. रक्तातला तिचा आकडा उतरायला लागला म्हणजे लिव्हर जेवायला बसलं. नाही उतरला म्हणजे पाट मांडलाय, ताट वाढलंय आणि पाहुणे रुसलेत.

पंप सुरू झाला. लोणीसाहेब हळूहळू फिकट पिवळ्याचे तांबूस झाले. काकूंनी पहिला नमुना घेतला. तपासणीची बारीक नळी सलाइनसारख्या एका पिशवीतल्या द्रवानं धुवायची, म्हणजे ती तुंबत नाही. मग नमुना घेताना सुरुवातीचं पाच मिलिलिटर ओढून टाकून द्यायचं आणि पुढचं रक्त तपासायचं. काकूंचा हा नियम वडिलांच्या दुकानातला. दुरुस्त पंपाचं पहिलं पाणी सोडून द्यायचं, त्यावरून पंपाची परीक्षा करायची नाही. पहिला आकडा आला नऊ पॉइंट चार. सुरुवात म्हणून ठीक.

आणि मग लोणीसाहेबांनी गळायला घेतलं. कापलेल्या कडेजवळ एक बारीक फांदी सुटी राहिली होती. सर्जनांनी टाका घालेपर्यंत दोन पेले रक्त डब्याच्या तळाशी गेलं. बातमीताईंनी रक्तपेढीला फोन लावला. "प्राप्त माहितीनुसार," त्या फोन ठेवत म्हणाल्या आणि पुढचं बोलल्याच नाहीत. त्यांचा चेहराच बातमी होता. त्या गटाचं जादा रक्त नव्हतं.

"काही हरकत नाही," काकू म्हणाल्या. "आहे त्यात भागवू. थेंबाथेंबानं करू."

तिथून काकूंना कंजूषपणाचं जे वारं भरलं ते विचारू नका. टिपायचा कापूससुद्धा त्या पिळून बघायच्या बेतात होत्या. तासाभरानं दुसरा नमुना. पाच मिलिलिटर रक्त फेकायचं? या माणसाचं? छे. काकूंनी दोनच सोडलं. आकडा: नऊ पॉइंट तीन.

"अहो साहेब, घास घ्या," काकू डब्यावर वाकून म्हणाल्या. "लाजताय काय? घरचंच आहे."

दोन तासांनी तिसरा नमुना. या वेळी त्यांनी एकच मिलिलिटर सोडलं. आठ पॉइंट नऊ.

गंमत अशी की लोणीसाहेब बाकी सगळं झकास करत होते. ऊब धरली होती. रक्ताचा दाब मऊ. कडा तकतकीत. आणि सव्वादहाला पित्ताच्या नळीतून पहिला थेंब आला, जाड, गडद सोनेरी. काकूंनी बातमीताईंचा हात धरून त्यांना अर्धी गिरकी दिली.

"प्राप्त माहितीनुसार पित्त आलेलं आहे," बातमीताई धापा टाकत म्हणाल्या.

सर्जन आले, थेंब पाहिला, आकडा पाहिला. "पित्त खोटं बोलू शकतं, बरं का. मरणाऱ्या लिव्हरलासुद्धा दोन थेंब येतात. आकडा खोटं बोलत नाही."

"सर, याच्याकडे बघा तरी. हा नापास होणाऱ्याचा चेहरा आहे का?"

"काकू, याला चेहरा नाही, बरं का."

तीन तासांनी चौथा नमुना. काकूंनी जवळजवळ काहीच सोडलं नाही. अर्धा मिलिलिटर, तोही जीवावर आल्यासारखा. आकडा: नऊ पॉइंट एक. वर चढला.

एकशे एकोणीस पाहुण्यांत असा दुतोंडी एकही भेटला नव्हता. हसतो, गातो, पित्त देतो आणि ताटाला हात लावत नाही. त्यांनी पंप तपासला, प्राणवायू तपासला, नळ्यांवरून बोट फिरवलं. सगळं जागच्या जागी. साडेअकराला सर्जन दारात उभे राहून म्हणाले, "ताई, नकाराचा कागद तयार ठेवा. बारा पाचला सही करतो, बरं का." ते 'बरं का' पहिल्यांदाच कुणाला तरी विचारल्यासारखं वाटलं.

काकू शेवटच्या नमुन्याच्या तयारीसाठी मशीन आणि थिएटर यांच्या मधल्या खोलीत आल्या. आकडे सांगणारं यंत्र तिथं होतं आणि भिंतीला लावून एका ट्रॉलीवर टेलरमामा होते. थिएटर तयार होतं म्हणून त्यांना आधीच आणून ठेवलं होतं. दाराच्या उंबऱ्यावर त्यांची थोरली बहीण, माई. उंबऱ्याच्या आत यायचं नाही असं त्यांना सांगितलं होतं. त्या आत आल्या नव्हत्या, फक्त कमरेपासून वर आत वाकल्या होत्या.

"अहो बाई, अजून किती?" माई म्हणाल्या. "याला विचारलं तर म्हणतो बरं आहे. हा जन्मला तेव्हापासून याला बरं आहे. गोवर आला तेव्हा बरं होतं, पाय मोडला तेव्हा बरं होतं."

"माई, काम करू दे त्यांना," मामा म्हणाले.

"मी कुठं अडवलंय? मी नुसती उभी आहे."

"तू वाकलीयस."

काकूंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. त्यांनी यंत्रापाशी ट्रे ओढला. ट्रेमध्ये सकाळपासूनच्या चार पिचकाऱ्या ओळीनं, वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून. निकाल लागेपर्यंत नमुने फेकायचे नाहीत ही त्यांची शिस्त. त्यांनी एकेक पिचकारी तळव्यांत घोळवून परत ठेवली. हाताला काहीतरी चाळा हवा होता, बस.

मामा मान वळवून बघत होते.

"हे सगळं एकाच ताग्यातलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"हे चार तुकडे."

"एकाच मशीनचं रक्त आहे मामा. तुमच्यासाठीच चाललंय."

"मग धुताना रंग गेलाय," मामा म्हणाले. "पहिला पक्का आहे. दुसरा जरा उतरलाय. तिसरा आणखी. चौथा तर फारच पाणचट. मी असलं अस्तर गिऱ्हाइकाला लावलं असतं ना, तर..."

"तू गप्प पड," माई दारातून म्हणाल्या. "त्या शिकलेल्या आहेत. त्यांना रक्त शिकवतोस?"

काकूंनी चारही पिचकाऱ्या दिव्यासमोर धरल्या. मग खाली ठेवल्या. मग पुन्हा धरल्या. एका मशीनमधलं एकच रक्त. तीन तासांत ते पातळ कशानं होईल? मशीनमध्ये कुणी पाणी ओतलं नव्हतं. पाणी होतं ते फक्त तपासणीच्या नळीत, धुण्याच्या पिशवीतलं. ते दर वेळी सोडून द्यायचं असतं. पाच मिलिलिटर. आणि आज आपण सोडलं दोन. मग एक. मग अर्धं.

धुण्याच्या पिशवीत काय असतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. रिंगर लॅक्टेट: सलाइनच, पण लॅक्टेट मिसळलेलं. वर्षानुवर्षं तीच पिशवी. पहिलं पाणी सोडलं की काहीही बिघडत नव्हतं, म्हणून कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. लोणीसाहेब सकाळपासून ताट चाटूनपुसून खात होते, आणि काकू प्रत्येक नमुन्यात वरून चमचाभर लॅक्टेट वाढून, 'खात का नाही' म्हणून त्यांनाच बोल लावत होत्या. रक्त वाचवलं ते लोणीसाहेबांच्या मायेपोटी, आणि त्याच मायेनं त्यांना नापास करायला निघाल्या होत्या.

काकूंनी पिचकाऱ्या ट्रेमध्ये ठेवल्या. मग त्यांना हसू फुटलं. असं हसू की त्यांना ट्रॉलीचा दांडा धरावा लागला.

"यांना काय झालं?" माई म्हणाल्या. "अरे, काय बोललास तू यांना?"

बारा वाजायला आठ मिनिटं होती. सर्जन मशीनपाशी पेन काढून उभे, बातमीताई कागद धरून.

"सर, सही करू नका," काकू म्हणाल्या. "चूक लिव्हरची नाही. माझी आहे."

आणि त्यांनी सांगितलं. एका दमात, काहीही न झाकता. रक्त वाचवायचं म्हणून पहिलं सोडलं नाही, नळीतलं लॅक्टेट नमुन्यात गेलं, तीन तास सगळे माझ्या कंजूषपणाचा आकडा मोजत बसलो. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता हे काय म्हणतील त्यावर इतक्या वर्षांची नोकरी आहे.

सर्जनांनी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाले, "पुन्हा घ्या. दहा सोडा."

बातमीताईंनी 'बरं का' ऐकायला कान टवकारले होते. ते आलंच नाही.

काकूंनी दहा सोडलं. लालभडक, गडद, सोन्यासारखं रक्त टाकून दिलं आणि या वेळी हात जराही मागे घेतला नाही. मग नमुना. मधल्या खोलीतल्या यंत्राला तो देऊन तिघं त्याच्यापुढे उभे राहिले. यंत्र दीड मिनिट घेतं. दीड मिनिटात यंत्र गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं. माई दारातून आता गुडघ्यापर्यंत आत वाकल्या होत्या, आणि त्या पडत कशा नव्हत्या हे कुणालाच कळेना.

एक पॉइंट नऊ.

"पुन्हा," सर्जन म्हणाले.

पुन्हा दहा सोडलं. पुन्हा गुरगुर. एक पॉइंट आठ.

बातमीताईंनी नकाराच्या कागदाची घडी घातली, त्या घडीची घडी घातली, तिचीही घातली, आणि बोटाएवढा झालेला तो कागद खिशात टाकत म्हणाल्या, "खातोय तो." आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादी बातमी स्वतःच्या तोंडानं दिली होती.

"मामा," सर्जन ट्रॉलीकडे वळून म्हणाले, "चला, बरं का."

मामांनी दोन वेळा डोळे मिचकावले. "परत पाठवत नाही ना?"

"आता तुम्ही म्हणालात तरी पाठवत नाही, बरं का."

मग काय विचारता. सगळी धावपळ. लोणीसाहेबांना नळ्यांतून सोडवताना काकूंनी त्यांची हळूच माफी मागितली. "चुकलं माझं. तुम्ही जेवत होता, मलाच दिसेना. आता नव्या घरी नीट राहा. माणूस चांगला आहे, नजर तेज आहे." सर्जन हात पसरून वाट बघत होते आणि या खेपेला त्यांनी काकूंना घाई केली नाही.

काकूंनी मशीन धुतलं. धुण्याची पिशवी काढून तिच्या जागी साधं सलाइन टांगलं, आणि हुकावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली की लॅक्टेटवालं इथं कधीच लावायचं नाही, पहिलं पाणी सोडलं तरी नाही. मग वही उघडून लिहिलं: 'एकशे वीस. लोणीसाहेब. निर्दोष. दोषी: मी.' आणि वेळ घातली. उद्या सर्जनांसमोर लेखी द्यायचं होतंच, त्याची तालीमही झाली.

सहा वाजता थिएटरचं दार उघडलं. सर्जनांनी टोपी काढली आणि मान हलवली, होय अशी. लिव्हरनं आत गेल्यावर पाऊण तासातच पित्त दिलं होतं. रक्त गोठत होतं, दाब ठीक होता, मामा अजून झोपेत होते.

हे सांगायला काकू स्वतः बाहेर आल्या. माई बाकावर बसल्या होत्या, पाय सरळ समोर, हातात मामांची टेप गुंडाळलेली.

"लागलं कामाला," काकू म्हणाल्या. "झकास."

टेपची एक गुंडाळी सुटली, ती माईंनी परत घातली.

"आणि एक सांगायचंय. सकाळी उशीर झाला ना, तो माझ्या चुकीनं झाला. लिव्हर चांगलंच होतं. मी नमुना नीट घेत नव्हते. अजून थोडा वेळ गेला असता तर तुमच्या भावाला परत पाठवलं असतं."

माईंनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. काकूंना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ऐकून घ्यायची तयारी होती.

"परत पाठवलं नाहीत ना?" माई म्हणाल्या.

"नाही."

"मग मला काहीतरी खायला द्या. तो उपाशी म्हणून मी काल रात्रीपासून उपाशी आहे. मागच्या दोन्ही वेळेलाही होते. हा पठ्ठ्या घरी गेल्यावर पोटभर जेवायचा आणि मला विचारायचा, माई, तू का वाळलीस."

काकूंनी आपला डबा आणला. दुपारी उघडायला वेळच मिळाला नव्हता. दोघी बाकावर बसून, डबा मध्ये ठेवून खाऊ लागल्या, आणि दोन घासांनंतर माई एकदम थांबल्या.

"म्हणजे सकाळी तो रंगाचं काहीतरी बडबडला, त्यावरून तुम्हाला कळलं?"

"त्यावरूनच."

"त्याला हे सांगायचं नाही," माई घास हलवत म्हणाल्या. "आधीच म्हणतो की माझ्या नजरेला तोड नाही. एकदा हे कळलं ना, तर आयुष्यभर सांगत बसेल."

"किती वर्षं सांगेल?" काकूंनी विचारलं.

माईंनी विचार केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पोट धरून हसायला लागल्या.

"सांगू दे," त्या म्हणाल्या. "सांगू दे मेल्याला. वीस वर्षं सांगू दे."